चित्राबरहुकूम पायवाट

तीर्थस्वरूप मावशीस,

भाच्याचा वाकून नमस्कार (पाठ हल्ली वाकलेलीच असते, त्यामुळे वेगळे कष्ट पडले नाहीत). तुझा गुडघा कसा आहे? आई म्हणाली, जिना चढताना तू आता त्याची समजूत घालतेस. इकडे मी ठणठणीत. जेवण वेळेवर होत नाही, झोप लागत नाही, पण त्यालाच नोकरी म्हणतात असं ऑफिसातल्या सगळ्यांचं मत पडलं.

मागच्या पत्रात तू विचारलं होतंस की पायवाट विभागात माणूस करतो तरी काय, पायवाट तर लोक चालून चालून आपोआप पडते. मावशी, हा प्रश्न कृपा करून चारचौघांत विचारू नकोस. बस डेपोच्या मागून कालव्याच्या कडेकडेने शीतगृहाच्या भिंतीपर्यंत आम्ही चालायची वाट केली आहे. दोन वर्षांपूर्वी लोकांनी मतं देऊन दर घरामागे जादा कर मान्य केला, त्या पैशांतून. भिंतीच्या पुढे न्यायची तर तो कर चालू राहायला हवा, आणि त्यासाठी पुढच्या महिन्यात परत मतदान आहे. लोक हो म्हणाले तर वाट नदीपर्यंत जाईल आणि मी नोकरीत कायम होईन. नाही म्हणाले तर वाट भिंतीपाशी संपेल आणि मी तिच्याही अलीकडे.

वाट तशी झकास झाली आहे. घात केला तो चित्राने. पहिल्या मतदानाच्या वेळी घरोघर एक पत्रक वाटलं होतं, त्यावर होणाऱ्या वाटेचं रंगीत चित्र होतं. काढणारा साहेबांचा मेहुणा (जागा न बघता काढलं, बघितली असती तर हात चालला नसता). डेरेदार झाड, झाडाखाली बाक, बाकावर हसणारं म्हातारं जोडपं, पाण्यात दोन बदकं. पत्रकातला मजकूर कोणी वाचला नाही, चित्र मात्र लोकांनी जिवापाड जपलं. कोणी कपाटात, कोणी आरशामागे, एकाने तर फ्रेम करून. आणि वाट खुली झाल्यापासून जो तो चित्र हातात धरून ताडून बघायला येतोय. एक निवृत्त हेडमास्तर आहेत, ते रोज येतात. एक डोळा मिटतात, चित्र लांब धरतात, आणि लाल पेनाने फुली मारून घरी जातात.

पहिली फुली झाडाला. आम्ही लावलंय ते रोप माझ्या कमरेला लागतं. साहेब समजावत होते की पंधरा वर्षं दम धरा, याचाच वृक्ष होईल. तर मागच्या गल्लीत कपडे शिवणारी एक बाई आहे (आम्ही तिला आपापसात विरोधी पक्ष म्हणतो), ती म्हणाली, "अहो, आम्ही मत रोपाला नव्हतं दिलं, सावलीला दिलं होतं. सावली कुठाय?" साहेबांनी मुकाट्याने मांडव घातला. दुसऱ्या दिवशी मांडवाला फुली. चित्रात मांडव नाही.

मग बदकं आणली. पाण्यात सोडली, त्यांनी जरा इकडेतिकडे बघितलं, बाहेर आली आणि चालत डेपोत गेली. (वाटेवरूनच गेली, हे मी अहवालात आवर्जून लिहिलं. चालण्यासाठी वाटेचा पहिला वापर त्यांच्या नावावर आहे.) आता ती ड्रायव्हरांच्या डब्यांवर पोसली जाताहेत. आणायला गेलो तर एक कंडक्टर मलाच म्हणतो, "राहू द्या ना, साहेब. त्यांचं मन रमलंय इथे." मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी साहेब म्हणालं, त्यामुळे मी फार ताणून धरलं नाही.

राहिलं जोडपं. हिशेब बघणाऱ्या बाईंनी आधीच विचारलं की हा खर्च टाकू कुठे, झाडं आहे, बाकं आहे, किरकोळ आहे, पण आनंदी म्हातारे असं खातं नाही. शेवटी देखभालीत टाकायचं ठरलं. पहिल्यांदा साहेबांनी स्वतःचे आईवडील आणून बसवले. बसताक्षणी सकाळची गोळी घेतली की नाही यावरून जुंपली, ऐकायला ही गर्दी! वाटेवर एवढी माणसं आम्ही कधीच बघितली नव्हती, पण चित्रात गर्दी नाही. मग नाटकातले दोन नट पांढरे केस चिकटवून बसवले. ते एकमेकांकडे असे काही बघत राहिले की तक्रारींचा पाऊस. विरोधी पक्ष म्हणाली, "आमच्या करातून एवढं प्रेम नकोय." हेडमास्तरांनी फुलीशेजारी शेरा मारला: अतिरेक. शेवटी आम्ही त्यांनाच गळ घातली की सर, तुम्हीच बसा सपत्नीक. त्यांच्या पत्नी आल्या, बाक बघितलं, म्हणाल्या, "निवृत्त झाल्यापासून घरात समोर बसलेले असतातच, तेवढं पुरे." आणि सरळ भिंतीपर्यंत फिरून आल्या. तेव्हापासून रोज येतात, एकट्या, झपाझप. वाट नदीपर्यंत कधी नेणार, हे आजवर त्या एकट्यांनीच विचारलंय. पण सध्या सगळं ऑफिस म्हातारे शोधतंय.

काल साहेबांनी मला आत बोलावलं आणि म्हणाले, "मतदानाआधी जोडपं आण, नाहीतर अनुभवाचा दाखला टाईप करून आण, मी सही करतो." मी बाहेर येऊन थोडा विचार केला आणि तुला पत्र लिहायला बसलो.

बाकी क्षेम. कळवण्यासारखं एवढंच. लोभ आहेच, तो कराप्रमाणे पुढेही चालू ठेवावा.

तुझा (तूर्त नोकरीतला) भाचा

ता. क. मतदानाच्या आधीच्या रविवारी तू आणि काका इकडे याल का? सकाळी तासभर बाकावर बसायचं, बस्स. चित्रातल्या बाईंच्या अंगात निळा स्वेटर आहे, तसला तुझ्याकडे आहे. काकांच्या टोपीचं मी बघतो. जायचं-यायचं भाडं देखभालीतून.

ता. क. २. तुम्ही दोघं दोन वर्षं एकमेकांशी बोलत नाही, जे काय असेल ते मांजराला उद्देशून बोलता, हे आईने मला सांगितलंय. मावशी, ही अडचण नव्हे, पात्रता आहे. चित्रातली माणसंही बोलत नाहीत. मी साहेबांना तसं लेखी दिलंय. हसावं मात्र लागेल, पण ते पाण्याकडे बघून हसलं तरी चालेल.

ता. क. ३. काकांना मी वेगळं पत्र टाकलं होतं (पत्ता तोच, पाकीट वेगळं). हे पत्र टाकायचं चार दिवस राहिलं, तेवढ्यात आज त्यांचा फोन आला. येतो म्हणाले नाहीत, येत नाही असंही म्हणाले नाहीत. एवढंच विचारलं की बाकाला मधोमध हात टेकायची दांडी आहे का. दांडी असली तर येणार की नसली तर, हे मी विचारायच्या आत फोन ठेवला. सध्या तरी नाहीये. चित्रात असलीच तरी दिसत नाही, ती दोघं तेवढी जवळ बसलीत. तेव्हा दांडी बसवू की नको, ते आता तूच कळव. सुतार थांबलाय.