आत्याचा गाळलेला मजकूर

२ सप्टेंबर, मंगळवार

आज एका निवृत्त मुख्याध्यापकांचं सहाशे शब्दांचं पत्र नव्वद शब्दांत बसवलं. विषय काय, तर बागेतला मोडका बाक. त्यात त्यांचं बालपण होतं, बायकोचा गुडघा होता, जावयाचा आगाऊपणा होता. सगळं उडवलं, बाक तेवढा ठेवला. साहेब म्हणाले, "कात्रीबाई, मानलं तुम्हाला." साप्ताहिकात वाचकांची पत्रं कापता कापता बावीस वर्षं झाली, तरी कौतुक ऐकलं की अजून कान गरम होतात.

घरी आले तर आत्या डोकं धरून बसलेली. सात-आठ दिवस दुखतंय म्हणे, सकाळी जास्त. मी इतकंच विचारलं, कधीपासून? झालं! गाडी सुरू झाली ती वरच्या फळीवरच्या बिस्किटांच्या डब्यापासून. डबा, मग कपाटाचं सैल झालेलं दार, मग ते दार बसवून गेलेला सुतार, मग त्या सुताराची सून. मी भाजी चिरत हं-हं करत होते. सुनेपर्यंत पोचलो तेव्हा भाजी शिजत आली होती.

तिचा तरी काय दोष? तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी जोडून देत बसली. स्वतः बोलायला मनाई. निवृत्त झाल्यापासून अनुशेष भरून काढतेय, आणि तो भरून काढायला घरात मी एकटीच.

३ सप्टेंबर, बुधवार

साहेबांची मान अवघडली होती, ती म्हणे फोनमधल्या चॅटबॉटने मोकळी केली. "डॉक्टरकडे दोन तास बसण्यापेक्षा हे बरं. तुम्हीही बघा विचारून." बघितलं.

मी लिहिलं — स्त्री, वय ७४. आठ दिवस सौम्य डोकेदुखी, सकाळी जास्त. दिवसा झोप येते. औषधं: रक्तदाबाची एक गोळी, हृदयाची एक.

चार ओळी. एक शब्द इकडचा तिकडे नाही. आणि त्याचं उत्तर काय आलं? "तुम्ही माहिती अतिशय नेमकी आणि स्पष्ट दिली आहे." आजवर एकाही डॉक्टरने मला असं म्हटलेलं नाही. मग त्याने चार-पाच प्रश्न विचारले, मी टकाटका उत्तरं दिली. आत्या शेजारी चष्मा लावून फोनकडे बघत होती. मध्येच "अगं, त्या दिवशी—" म्हणून सुरू झाली. म्हटलं, थांब आत्या, तो लिहितोय.

ताणामुळे होणारी डोकेदुखी असावी. पाणी कमी पडत असेल. चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा, दुपारी फार झोपू नये. काय ती भाषा! पाल्हाळ नाही, कंटाळा नाही, मोठेपणाचा आव नाही. आमच्याकडे लिहिणाऱ्या निम्म्या लोकांनी याच्याकडे शिकवणी लावावी. शेवटी "त्रास वाढल्यास किंवा टिकल्यास डॉक्टरांना दाखवा" अशी एक ओळ होती. ती भरतीची. मी असते तर कापली असती.

त्याचं नाव ठेवलं — शहाणा.

५ सप्टेंबर, शुक्रवार

आत्या आठ पेले पाणी पितेय. डोकं थोडं कमी वाटतं म्हणाली. शहाण्याला शंभरपैकी शंभर.

६ सप्टेंबर, शनिवार

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात पाऊण तास! माझ्यापुढे चारच माणसं, पण गल्ल्यावर ती मगबाई. हे नाव आमच्या घरातलं. कुणी येऊन म्हणालं पोटात दुखतंय, की ही काउंटरवर हनुवटी टेकवून विचारणार, "मग काय झालं?" की तो माणूस सांगत सुटणार. आज एक गृहस्थ खोकल्याचं औषध घ्यायला आले आणि भावाच्या भांडणापर्यंत पोचले. बाई ऐकतेय! मागे आम्ही ताटकळत. मला फक्त खरचटल्यावर लावायचं मलम हवं होतं.

आत्याची ती लाडकी. साहजिक आहे.

८ सप्टेंबर, सोमवार

घरात केवढी शांतता. आत्या परवापासून फारशी बोलतच नाही. जेवली, खुर्चीत बसली, डोळा लागला. शहाण्याला विचारलं — ज्येष्ठ व्यक्ती, झोप वाढली आहे, बाकी ठीक. म्हणाला, या वयात विश्रांतीची गरज वाढणं स्वाभाविक आहे. आणि मी तिची किती काळजी घेते, याबद्दल दोन वाक्यं. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. माझ्या काळजीची दखल घेणारं दुसरं आहे तरी कोण?

निवांत बसून दोन अंकांची पत्रं तपासून टाकली.

आत्याच्या डाव्या पायातली चप्पल सारखी निसटते. नवी घ्यायला हवी. हे काही शहाण्याला लिहिलं नाही. चपलेचा आणि डोक्याचा काय संबंध!

१० सप्टेंबर, बुधवार

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय. वही पिशवीत होती म्हणून.

अकरा वाजता ऑफिसात फोन आला. "ताई, मी औषधाच्या दुकानातून बोलतेय. आजींना घेऊन हॉस्पिटलला निघालेय. तुम्ही तडक तिकडेच या." काय झालं विचारलं तर म्हणाली, "आधी या."

आत्याला ऑपरेशनला नेलंय. कवटीच्या आत रक्त साचलंय. माझी आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. तेव्हापासून माझी वेणी हिनेच घातली. देवा, हिला नेऊ नकोस.

११ सप्टेंबर, गुरुवार

वाचली. वाचली. वाचली.

आता नीट लिहिते. मगबाईने सांगितलं तसं, काही न गाळता.

काल सकाळी मी ऑफिसला गेल्यावर आत्या तिच्या गोळ्या आणायला कोपऱ्यावर गेली. म्हणाली, डोकं दुखतं गं. मगबाईने हनुवटी टेकवली, "मग काय झालं?" आत्या सुरू झाली. बिस्किटांचा डबा काढायला ती स्टुलावर चढली होती. कपाटाचं सैल दार सुटलं आणि कानाच्या वर आपटलं. टेंगूळ आलं, बर्फ लावला, दोन दिवसांत उतरलं. म्हणून मनावर घेतलं नाही. दार नीट न बसवणाऱ्या सुताराला मात्र माफ केलं नव्हतं. आणि इथेच ती अडकली. सुतार हा शब्दच तिला सापडेना! "तो... लाकडाचा... तो माणूस..." असं करत राहिली. जिने तीस वर्षं शहरातले शेकडो नंबर तोंडपाठ ठेवले, तिला!

रांगेत सहा माणसं होती. मगबाई काउंटरच्या बाहेर आली. म्हणाली, "आजी, दोन्ही हात समोर धरा बरं." डावा हात हळूहळू खाली यायला लागला. पायाकडे बघितलं तर एकच चप्पल. दुसरी दुकानाच्या पायरीवर राहिली होती, आणि आत्याला पत्ता नव्हता. उजव्या मुठीत त्या हृदयाच्या गोळीची रिकामी पट्टी. ती गोळी रक्त पातळ ठेवणारी. चार वर्षं मगबाईच देतेय, तिला ठाऊक होतं. मला तर इतकंच ठाऊक, की पांढरी असते, अर्धी तोडून घ्यायची असते.

तिने शटर अर्धं ओढलं, रांगेतल्याच एकाची गाडी घेतली आणि निघाली. एकही माणूस कुरकुरला नाही म्हणे. मी त्या रांगेत असते तर कुरकुरले असते.

सर्जन म्हणाले, गोळीमुळे रक्त थांबत नव्हतं. अडीच आठवडे थेंब थेंब साचत मेंदूवर दाब आला. "अजून दोन दिवस घरी झोपू दिलं असतंत, तर आज मी तुमच्याशी वेगळं बोलत असतो." झोपू दिलं असतंत, म्हणाले. मी तर शांततेत पत्रं तपासत बसले होते.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आत्याने डोळे उघडले. दुपारपर्यंत तिने नर्सचं गाव, नवरा, नवऱ्याची नोकरी आणि सासूचा स्वभाव एवढं काढून घेतलं होतं. नर्स मला म्हणाली, "फार बोलतात हो तुमच्या आत्या." मी बाहेर जाऊन रडले.

१३ सप्टेंबर, शनिवार

मगबाईचे आभार मानायला गेले. रांग होतीच. आज मी मुकाट्याने शेवटी उभी राहिले आणि तिला बघत राहिले. पंचेचाळीशीची असेल. चष्म्याची दांडी चिकटपट्टीने जोडलेली, मनगटाला रबरबँड. माणूस बोलायला लागला की हिचे हात थांबतात. गोळ्या काढणं बंद, चिठ्ठी वाचणं बंद. बोलणारा थांबेपर्यंत ती फक्त त्याच्याकडे बघते. इतकी वर्षं मला ती गप्पिष्ट वाटायची. पण ती स्वतः बोलतच नाही! एवढं ऐकणारं माणूस मी आयुष्यात बघितलेलं नाही.

माझा नंबर आला. म्हटलं, तुमचे उपकार कसे फेडू?

"मी काय केलं, ताई? आजींनीच सगळं सांगितलं."

"पण एवढ्या बोलण्यातलं कामाचं कुठलं, ते तुम्हाला कळतं कसं?"

"नाही कळत. म्हणून तर सगळं ऐकावं लागतं."

आणि लगेच मागच्या बाईकडे वळली. घरी येईपर्यंत हेच डोक्यात. बावीस वर्षं मी काय कामाचं आणि काय बिनकामाचं, ते पहिल्या ओळीत ठरवत आले. त्याचाच पगार घेतला.

शहाण्याला मात्र मी सोडणार नाही. कसला शहाणा, दीडशहाणा तो! पाणी प्या म्हणे. झोप स्वाभाविक म्हणे. साहेबांना सांगितलं, मी लेख लिहिते, लोकांना सावध करायला हवं. साहेब हादरलेच होते. पूर्ण पान देतो म्हणाले. बावीस वर्षांत माझ्या नावाचं पहिलं पान.

१४ सप्टेंबर, रविवार

लेखाची सुरुवात झकास जमली. "ज्याला नाडी बघता येत नाही, त्याच्या हाती मी माझं माणूस दिलं."

१५ सप्टेंबर, सोमवार

लेखात त्याचे शब्द जसेच्या तसे द्यायचे, म्हणून आज जुनं संभाषण उघडलं. तीन तारखेचं.

त्याचा तिसरा प्रश्न — "गेल्या काही आठवड्यांत त्या पडल्या आहेत का, किंवा डोक्याला अगदी किरकोळ मार लागला आहे का?"

माझं उत्तर — "नाही."

चौथा प्रश्न — "त्या रक्त पातळ करणारं औषध घेतात का?"

माझं उत्तर — "नाही."

दोन्ही वेळा मी शेजारी मान वळवून विचारलं नाही. विचारलं असतं तर अर्धा तास गेला असता ना. आदल्या संध्याकाळी दार, डबा, सुतार सगळं माझ्या कानांवरून गेलं होतं. दार कुणाला लागलं, ते ऐकायच्या आत मी ते बिनकामाचं ठरवून टाकलं होतं. त्याला माझी चार ओळींची सुबक चिठ्ठी तेवढी दिसत होती. त्याने ती खरी मानली, वर मला शाबासकी दिली, आणि त्या शाबासकीवर मी आठवडाभर फुशारले. खुर्चीत पेंगणारी बाई त्याला दिसत नव्हती. मला दिसत होती.

तरी एक राग आहेच. मगबाईने माझ्या "नाही"वर विश्वास ठेवला नसता. तिने मला बाजूला सारून आत्यालाच विचारलं असतं.

साहेबांना सांगितलं, लेख होत नाही. का विचारलं तर म्हटलं, मजकूर कमी पडतोय.

हे कुणाला सांगायचं नाही. आत्याला तर नाहीच नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आत्या घरी! डोक्याला पट्टी, तोंडाला विश्रांती नाही. सुतार आला, दार बसवून गेला. तो असेपर्यंत ती गप्प होती, गेल्यावर सुरू झाली. मी खुर्ची ओढून समोर बसले. डबा, दार, टेंगूळ, सुतार, सून, सुनेची शिवणयंत्राची हौस — पन्नास मिनिटं. मध्ये दोनदा म्हणाले, "मग काय झालं?" तिने माझ्याकडे संशयाने बघितलं. "तुला बरं नाहीये का?"

२१ सप्टेंबर, रविवार

सकाळी वेणी घालत होते तिची, पट्टी सांभाळून. आरशात माझ्याकडे बघत सहज म्हणाली, "त्या फोनवर तू ‘नाही’ लिहिलंस ना, मी वाचलं होतं गं. चष्मा होता मला. सांगणारच होते, दार लागलंय म्हणून. मग म्हटलं, एवढी शिकलेली माझी पोर नाही म्हणतेय, तर नसेलच लागलं."