उलट्या तारांचे एकोणचाळीस दिवस

मी, भूकंप वेधशाळेची निवृत्त कागदवाली, सर्वत्र काजळबाई म्हणून ओळखली जाणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, आज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी (भिंतीवरचे घड्याळ चार सेकंद मागे आहे, ते धरून) स्वखुशीने लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. आणणाऱ्याची खैर नव्हती, हे घरच्यांना ठाऊक आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि यानंतर करायचा विचार नाही.

कलम एक. राहते घर, म्हणजे पुढच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर, माळा व मागची खोली, माझा मुलगा व मुलगी यांना निम्मे निम्मे. लहानपणी एक खोडरबर वाटून घेताना दोघांनी तो खिडकीबाहेर फेकला होता, तसे घराचे करू नये. अट एकच. कलम तीनमधले काम पुरे होईपर्यंत मागच्या खोलीला कोणी हात लावायचा नाही. रंग द्यायलासुद्धा नाही.

कलम दोन. बँकेत जे असेल ते दोघांना सारखे. त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

कलम तीन. मागच्या खोलीतले कागद. हीच माझी खरी मिळकत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. एकतीस वर्षे रोज सकाळी मी वेधशाळेच्या तळघरात रुंद वातीच्या दिव्यावर कोरा कागद फिरवून त्याला काजळी धरत असे. मग तो नळकांड्यावर गुंडाळायचा. पुढचे चोवीस तास सुई त्या काजळीवर रेघ ओढत बसे, आणि जमीन हलली की रेघ हले. दुसऱ्या दिवशी काजळी पुसली जाऊ नये म्हणून तो कागद लाखेच्या पाण्यातून काढून दोरीवर वाळत घालायचा. डोळ्यांत मी कधी काजळ घातले नाही, पण हात एकतीस वर्षे काळे होते, त्यावरून हे नाव पडले. त्या काळात मोठमोठे देश जमिनीत खोल बाँब पुरून फोडत आणि काही झालेच नाही असे सांगत. त्यांनी वरच्या लोकांची तोंडे बंद केली, पण जमिनीच्या पोटात काही राहत नाही. कुठे काय फुटले, ते वर्तमानपत्राच्या आधी आमच्या दोरीवर वाळत असे.

वेधशाळा बंद झाली तेव्हा कागद रद्दीत घालायचा हुकूम निघाला. रद्दीवाल्याच्या आधी मी टेम्पो घेऊन पोचले. अकरा हजारांवर कागद आहेत. मुलगा म्हणाला, "आई, रद्दीसाठी एक अख्खी खोली?" मी म्हटले, "तू अंथरूण ओलं करायचास तेव्हा तुझी गादी वाळवायला अख्खं अंगण लागायचं. मी काही बोलले का?"

आता जुन्या नोंदींच्या संग्रहालयातली बाई, आम्ही तिला स्कॅनवाली म्हणतो, मंगळवारी आणि शुक्रवारी यंत्र घेऊन येते. चार हजार कागद झाले. सर्व कागद आणि माझी घड्याळाची वही तिच्या संग्रहालयाला द्यावी. रोज घड्याळ किती सेकंद पुढे वा मागे होते ते त्या वहीत आहे. ती हरवली तर कागदांवर नुसत्या नागमोडी रेघा उरतील. कागद पुसून गोरे करू नयेत. एकदा तिने विचारले, "काकू, हे बोटांचे ठसे कॉम्प्युटरवर काढून टाकू का?" मी म्हटले, "ठसे माझे आहेत. मी तिथं होते, एवढं तरी दिसू दे."

कलम चार. माझी जाऊ कागद मागायला आली असता मी घरी नव्हते. तिने सात कागद नेले आणि कपाटाच्या फळ्यांवर अंथरले. त्यातल्या एकावर स्फोट आहे आणि त्यावर तिच्या तेलाच्या बरणीचा गोल डाग आहे. कपाट उघडून दाखवायला ती बावीस वर्षे तयार नाही. सातही कागद परत केल्यास शिवणयंत्र तिचे. नाही केले तर शिवणयंत्र तिच्या सुनेचे, म्हणजे ते तिच्याच घरात राहील आणि तिला रोज दिसेल.

कलम पाच. काजळी धरायचा दिवा मुलाला. भिंग मुलीला, कारण कुठल्याही कागदाच्या तळाचे बारीक अक्षर वाचणारी घरात तीच एक आहे.

कलम सहा. बाकीची कलमे या एकासाठी लिहिली, असे म्हटले तरी चालेल.

वेधशाळेत रेघा वाचणारे एक गृहस्थ होते, त्यांना सगळे वाचनीस म्हणत. भूकंपाचा पहिला धक्का जमिनीला कधी वर ढकलतो, कधी खाली ओढतो. स्फोट मात्र चारी बाजूंना ढकलतोच, म्हणजे त्याचा पहिला धक्का नेहमी वरच. म्हणून सुईचे पहिले पाऊल वर पडले की खाली, ते आधी पाहायचे. वाचनिसांना तेवढेही लागत नसे, ते रेघेच्या चालीवरून ओळखत.

त्या वर्षी माझा नवरा जाऊन चार महिने झाले होते. पदरात दोन लेकरे, आणि नोकरी अजून कायम झालेली नव्हती. खड्ड्यातल्या यंत्रापासून सुईकडे येणाऱ्या दोन तारा उंदराने कुरतडल्या. दुरुस्तीवाला रजेवर, म्हणून एका सोमवारी त्या मीच जोडल्या. एक तार लाल, एक काळी. माझ्या हातांनी दोन्ही काळ्या केल्या आणि मी त्या उलट्या बसवल्या. त्या दिवसापासून वरचे खाली आणि खालचे वर उमटू लागले. एकोणचाळीस दिवसांनी स्पिरिटच्या बोळ्याने सांधा पुसताना लाल रंग नको त्या स्क्रूखाली दिसला. मी तारा बदलल्या, हात धुतले आणि कुणाजवळ बोलले नाही. वहीतही लिहिले नाही.

पण मधल्या काळात एका सकाळी मोठा धक्का उमटून गेला होता. वाचनीस म्हणाले, "हा बाँब आहे." मोठ्या साहेबांनी भिंग लावले. "पाऊल तर खाली आहे. बाँब कधीपासून खाली पाऊल टाकायला लागला?"

"पाऊल काही का म्हणेना साहेब, चाल बाँबची आहे."

सगळी खोली हसली. मीही हसले. छापील यादीत तो भूकंप म्हणून गेला, आणि फोडणाऱ्यांनी कानांवर हात ठेवले तेव्हा आमची यादी त्यांच्या आयतीच कामाला आली. वाचनिसांचे वाचन काढून घेऊन त्यांना पत्रव्यवहाराच्या टेबलावर बसवले. चौदा वर्षे ते पाकिटांवर पत्ते लिहीत होते. जाता येता कोणीतरी विचारी, "काय वाचनीस, आज पाकिटाची चाल काय म्हणते?" ते म्हणत, "बरी आहे." मला तेव्हा सगळे ठाऊक होते. मी दिव्याची वात कापत बसे. माझ्यासारखी तोंडाळ बाई आयुष्यात एवढी एकदाच गप्प बसली आणि नको तिथे बसली. त्याची मला लाज वाटते.

साहेब वारले तरी चूक जिवंत आहे. स्कॅनवालीचे यंत्र रेघेचे आकडे करते आणि पहिले पाऊल पाहून भूकंप की स्फोट ते स्वतः ठरवते. त्याला तारांचे कोणी सांगितले नाही तर तेही साहेबांचीच री ओढेल, आणि मग सगळे जग त्या यंत्राची ओढेल. सबब लिहून ठेवते की त्या एकोणचाळीस दिवसांचे कागद उलटे वाचावेत. तो धक्का स्फोट होता. वाचनिसांचे वाचन बरोबर होते. चूक माझी होती. माझ्या मरणाची वाट न पाहता या कलमाची प्रत आजच स्कॅनवालीला द्यावी आणि त्या कागदाच्या स्कॅनला कायमची जोडावी.

कलम सात. वाचनीस हयात आहेत, वय त्र्याऐंशी, दोन गल्ल्या पलीकडे राहतात. त्यांना काय ठेवावे म्हणून वकीलबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "साक्षीदार करणार असाल तर त्यांना काही देता येणार नाही. देणं की साक्ष, एक काय ते ठरवा." मी साक्ष ठरवली. मी त्यांना काही देत नाही. जे त्यांचेच होते ते परत करते आहे, त्याला कायद्याची हरकत नसावी. तोंडाने सांगायला म्हणून मी अनेकदा त्यांच्याकडे गेले आणि दर वेळी चहा पिऊन परत आले. वाचल्याशिवाय ते दुधाच्या पावतीवरही सही करत नाहीत, म्हणून हे असे कागदावर. ते वाचतील तेव्हा मी समोर बसलेली असेन. त्याची मला भीती वाटते, आणि तसेच व्हावे असेही वाटते.

वरील सर्व व्यवस्था वकीलबाईंनी अमलात आणावी. वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण: राहते घर, मागची खोली
तारीख: सतरा मार्च

(सही) काजळबाई

साक्षीदार पहिली: (सही) घरच्या डॉक्टरीणबाई. तपासले. स्मरणशक्ती उत्तम. रक्तदाब आज थोडा चढलेला आहे, कारण वर नमूद आहे.

साक्षीदार दुसरा: (सही) निवृत्त वाचनीस. पूर्ण वाचून सही केली. कलम सहामध्ये एक चूक आहे. तारा सोमवारी नव्हे, त्याच्या आधीच्या शनिवारी जोडल्या होत्या. दिवस एकोणचाळीस नव्हेत, एक्केचाळीस. दुसऱ्या वेधशाळांची पत्रके टपालाने माझ्याच टेबलावर येत. त्यांतली पावले आपल्या पावलांशी ताडून उलटे दिवस मी तेव्हाच मोजले होते.

वरील दुरुस्ती मला मान्य आहे. सही हलली आहे, तरी ती माझीच धरावी.

(सही) काजळबाई