पाहुण्यांसाठी राखलेले पाणी

ता. ४ मे
मी, बाबूराव सखाराम कोळपे, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, शिक्षण चौथी उत्तीर्ण, राहणार न्हावऱ्यानजीकची माळवस्ती, ता. शिरूर, वस्तीतील सर्वांत ज्येष्ठ, लिहून ठेवतो की आमच्या वस्तीचे नाव यादीतून गळाले.

पुण्याच्या संशोधन संस्थेतील वैशाली मॅडम राजस्थानच्या वाळवंटात राहून आलेल्या. तेथील लोक पावसाचे पाणी अंगणाखालच्या टाक्यात साठवतात व वर्षभर पुरवतात. तशी टाकी आमच्या माळावर चालतील काय, हे त्या एका वस्तीवर पाहणार होत्या. घरटी एक टाके. आता ती दौंड तालुक्यात बांधली जातील. आमच्या नावापुढे शेरा : विहिरीस उन्हाळ्यातही पुरेसे पाणी.

पुरेसे!

ता. ५ मे
मॅडमचा फोन. शेरा चुकला काय, असे अदबीने विचारले. मी "बघतो" म्हणालो व फोन ठेवला. वास्तविक सांगण्यासारखे पुष्कळ होते.

विहीर फाल्गुनातच आटली. टँकर चार दिवसांनी येतो, विहिरीतच रिकामा होतो, मग सर्वजण शेंदून नेतात. मॅडम विहिरीचे पाणी मोजायला येणार होत्या, त्या मोजणीच्या आदल्या दिवशी टँकर आला तेव्हा मीच घरोघर बजावले की उद्या पाहुणे येणार, कोणी पोहरा टाकायचा नाही. आलेल्या माणसास तळचा गाळ दाखवणे ही आमची रीत नव्हे. वडील मेंढरे घेऊन हिंडत, तेव्हाही मुक्कामाच्या तळावर आलेल्यास प्रथम पाणी.

मॅडमनी विहिरीत फीत सोडली, आकडा लिहिला. वर मी त्यांना तांब्याभर पाणी दिले.

ता. ७ मे
पारावर शांताराम गायकवाड भेटले. कारखान्यातून निवृत्त. जिभेला हाड नाही. चारचौघांत म्हणाले, "आबा, तुम्ही हिरीला नटवून पाहुण्यांफुडं बसवली. आता स्थळ दौंडला गेलं तर रुसता कशाला?"

लोक हसले. मी उठून आलो. मोजणीच्या दिवशी हेही काठावर उभे होते. तेव्हा तोंड का उघडले नाही?

ता. ९ मे
टँकर आलाच नाही. सूनबाई मंगल पलीकडच्या मळ्यातील बोअरवरून पाणी आणते. चार खेपा. हंडा उतरवताना आज प्रथमच माझ्यासमोर बोलली.

"आबा, खरं सांगून टाका. तुमची मान खाली जाईल म्हून मी किती दिस डोईवर हंडा वाहू?"

रात्री जेवण गेले नाही.

ता. १२ मे
मॅडमना मीच बोलावून घेतले. समाजमंदिरासमोर सर्वांदेखत उभे राहून घडले ते सांगितले. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. एवढेच विचारले, की हे आणखी कोणास ठाऊक होते? सर्वांनी जमिनीकडे पाहिले.

मग म्हणाल्या, "आबा, तुमच्या सांगण्यावरून मला आकडा बदलता येत नाही. आठ दिवस विहिरीत बाहेरचं पाणी पडू देऊ नका. मी परत मोजते. तोवर यादी थांबते का बघते, शब्द देत नाही."

आठ दिवस म्हणजे टँकरच्या दोन खेपा. पाणी टँकरवरूनच भरून घ्यावे लागेल. मनात आले, सोपे आहे.

ता. १३ मे
सोपे नाही. टँकर सकाळी आला. चालक म्हणाला, "हिरीत सोडलं की धा मिंटात मोकळा. एकेक टिपाड भरत बसलो तर बाकीच्या वाड्या मला शिव्या घालतील." मी जाऊन पाइपसमोर विहिरीच्या कठड्यावर बसलो. तो हॉर्न वाजवत राहिला. शेवटी मंगल व बायका टिपाडे घेऊन आल्या, तेव्हा त्याने टिपाडे भरायला नळी काढली.

दीड तास थांबला. नंतर उरलेले पाणी घेऊन निघून गेला. आमच्या घरची दोन टिपाडे भरली. गायकवाडांच्या आळीचा नंबरच लागला नाही. त्यांनी मला टोमणा मारला नाही, हे अधिक लागले. आमच्यातील एक टिपाड त्यांच्याकडे ढकलत नेले. घेतले, पण म्हणाले, "आजचं भागंल. सतरा तारखेला आमच्या बाया आयकतील असं न्हाई, आबा."

पुढील खेप सतरा तारखेस. विहीर आज कोरडी आहे.

हजर : सौ. मंगल कोळपे, श्री. शांताराम गायकवाड, दोन्ही आळींतील बायका, टँकरचालक. चालक वगळता मोजणीच्या दिवशीही हेच सर्व हजर होते.