अनवाणी धावत येईल

११ एप्रिल
लादीवर ओले ठसे. पाणी सांडलं असेल म्हणून पुसायला वाकले. पाणी नव्हतं.
विजूला खुर्चीत बसवून तळवा पाहिला. उजव्या अंगठ्याखाली फोड फुटलेला, कातडी लोंबत होती.
"कधी झालं हे?"
"काय?"
त्याला माहीतच नव्हतं. काल भर दुपारी साहेबांच्या मोर्चात घाटकोपरपासून विक्रोळीपर्यंत तापल्या डांबरावरून चालला. इतकी वर्षं मधुमेह, पायाला काही कळत नाही. चौपन्न वर्षांच्या धाकट्या भावाचे पाय मोरीत बसून धुतले. लहानपणीही मीच धुवायचे.

१३ एप्रिल
दवाखाना. डॉक्टर तरुण मुलगी. म्हणाली, "काका, चप्पल घाला. घरातसुद्धा."
"व्रत आहे."
"कुठल्या देवाचं?"
विजूने मोबाइल काढून साहेबांचा फोटो दाखवला. तिने तो एक्स-रेसारखा नीट पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.
मऊ तळाची चप्पल लिहून दिली आहे.

१९ एप्रिल
चप्पल आणली. निळी. खोक्यातच आहे.
दोन वर्षं झाली. चौकात, साहेबांसमोर, विजूने पायातल्या चपला काढून नाल्यात फेकल्या होत्या. साहेब मंत्री होईपर्यंत पायात काही घालणार नाही. टाळ्या. साहेब मंत्री झाले नाहीत. मधे पक्ष बदलून आले. विजूने दारावरचा झेंडा बदलला, गळ्यातलं उपरणं बदललं. पाय तसेच.
आज भांडण.
"तुझे साहेब चालतात का कधी अनवाणी?"
"त्यांनी कशाला चालायचं? आम्ही आहोत ना."
"पक्ष सोडताना तुला विचारलं होतं त्यांनी?"
"मी पक्षासाठी चप्पल सोडली नाय, ताई. माणसासाठी सोडली."
"आणि पाय सडला तर?"
"साहेबांनी स्वतः सांगितलं तर घालीन. त्यांच्या तोंडून."
"मग लाव फोन."
हसला. मी अडाणी असल्यासारखा. "साहेबांना असा फोन लावतात का कोणी?"

२३ एप्रिल
साहेबांच्या कार्यालयात गेले. या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही असं मी किती जणांना ऐकवलं होतं. बाकावर दोन तास. समोर भिंतभर फोटो आणि मधोमध, काचेच्या चौकटीत, मानपत्र.
माझं.
विजूच्या हट्टावरून लिहून दिलं होतं. डाळ शिजेपर्यंत. नाव घालायचं नाही, या अटीवर. आयुष्यभर कॉलेजात मराठी शिकवलं, असला मजकूर म्हणजे हातचा मळ. 'आपल्या एका हाकेसरशी ही वस्ती अनवाणी धावत येईल.' विजूनेच ते स्टेजवर वाचलं होतं. त्या ओळीवर त्याचा आवाज फुटला होता. पुढे चार महिन्यांनी चपला नाल्यात.
तेव्हा या दोन गोष्टी मला जोडता आल्या नाहीत, असं लिहिणार होते. आल्या होत्या.
पीए आला. पोरगेला, दोन फोन हातात. सगळं सांगितलं. साहेबांनी विजूला फक्त फोनवर सांगावं, चप्पल घाल. अर्ध्या मिनिटाचं काम.
"मॅडम, एवढी मोठी गोष्ट फोनवर उरकायची? अठ्ठावीस मेला साहेबांचा वाढदिवस आहे. स्टेजवर घेऊ ना! साहेब स्वतःच्या हाताने चप्पल घालतील. चॅनलवाले असतील. झकास होईल."
"तोपर्यंत पाय राहणार नाही त्याचा."
"असं अशुभ नका बोलू हो. विजूभाऊ वाघ आहे."

२४ एप्रिल
विजूला त्यांनीच कळवलं. सकाळपासून गुणगुणतोय. साहेबांचे हात त्याच्या पायांना लागणार.
आता अठ्ठावीसच्या आधी तो काहीही घालणार नाही. मी गेले नसते तर कदाचित

६ मे
दोन बोटं काळी. वास. दाखल केलं.

१० मे
करंगळी आणि तिच्या शेजारचं. दोन्ही काढली. जखम अंगठ्याखाली होती, विष तिकडे कसं गेलं ते डॉक्टरने कागदावर चित्र काढून समजावलं. मी मान हलवत राहिले.
शुद्धीवर आल्यावर त्याचा पहिला प्रश्न: "आज तारीख काय?"

१२ मे
साहेबांकडून कुणी फिरकलं नाही. विजूच्या मोबाइलवर त्यांचं 'शुभ सकाळ' आलं, अख्ख्या वॉर्डाला जातं ते. खाली गुलाब. त्याने मला दोनदा दाखवलं.
"बघ. आठवण आहे."
मोसंबी सोलत होते. सोलत राहिले.

२८ मे
गेला. व्हीलचेअर, पायाला बँडेज. डॉक्टरने नको म्हटलं होतं. मी ढकलत नेली. कुणीतरी ढकलणारच होतं.
स्टेजवर चढवला. लाल मखमलीच्या ताटात नव्या कोल्हापुरी. साहेबांनी ताट हातात घेतलं. फोटोग्राफर ओरडला, "साहेब, थोडं वाकून!" साहेब थोडं वाकले. डावी चप्पल पायात सरकवली. उजव्या पायाचं बँडेज पाहिलं आणि उजवी विजूच्या मांडीवर ठेवली. मग माइक हाताने झाकून पीएला विचारलं. मी पायरीवर होते, ऐकू आलं.
"नाव काय याचं?"
विजूलाही ऐकू गेलं. मी त्याच्याकडेच पाहत होते. तो रडत होता. नाव विचारलं म्हणून.

३० मे
कोल्हापुरी चपला साहेबांच्या फोटोखालच्या फळीवर. शाल अंथरून, त्यावर. आज सकाळी हळदकुंकू वाहिलेलं दिसलं.
"व्रत सुटलं ना?"
"सुटलं."
"मग घाल."
"ह्या? साहेबांचा हात लागलाय ह्यांना. ह्या घालून मी संडासाला जाऊ?"
"मग डॉक्टरांची निळी घाल."
"त्यांनी दिलेल्या ठेवून दुकानातली घालू? बरं दिसतं का ते, ताई?"
आणि लंगडत मोरीकडे गेला. अनवाणी. मला हसू आलं. बराच वेळ थांबेना. तो मोरीतून विचारत होता, काय झालं गं?

४ जून
ड्रेसिंग. डॉक्टर आता गोड बोलत नाही. काका अनवाणी राहिले तर पुढचं कापणं घोट्यापासून, म्हणाली. मला सांगितलं, त्याला नाही. त्याच्याशी बोलणं तिने सोडलं आहे.

९ जून
साहेबांना कुठलंसं महामंडळ मिळालं. मंत्र्याचा दर्जा. खाली फटाके. विजू गॅलरीत एका पायावर उभा राहून नाचला.
दुपारी पीएचा फोन. रविवारी जंगी सत्कार. मानपत्र हवं. 'मागचं ज्यांनी लिहिलं त्यांच्याकडूनच.' विजूने कधीच सांगून टाकलं होतं तर.
"तुझ्यासारखं कुणाला जमत नाय, ताई. ती ओळ अजून पोरांना पाठ आहे."
"कुठली?"
त्याने म्हणून दाखवली. डोळे मिटून, एक शब्द न चुकता.
मी सांगितलं त्याला. ती ओळ मी डाळ शिजता शिजता लिहिली. मला त्या माणसाची किळस येते. अनवाणी हा शब्द तिथे बसला, म्हणून घातला.
ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू काय पण बोल. खरं नसतं तर असं उतरलं असतं का?"

१० जून
सकाळी निळ्या चपलांचं खोकं त्याच्यासमोर ठेवलं. "ही पायात घाल. मी मानपत्र लिहिते."
"आधी लिही."
"आधी घाल."
खोक्याकडे बघत राहिला. फळीकडे पाहिलं. मग डावी घातली. उजवी मी घातली, बँडेज सांभाळून, पट्टा सैल करून. दारापर्यंत गेला, परत आला. दोन वर्षांनी त्याच्या चालण्याचा आवाज ऐकला.
"रविवारपर्यंत ठेवीन," म्हणाला. "नंतरचं साहेबांना विचारून."

१२ जून
कागद घेऊन बसले आहे. गॅसवर डाळ नाही, काही नाही. मुद्दाम.
नंतरचं म्हणजे सोमवारचं. तेव्हाही चप्पल त्याच्या पायात राहील असं काही लिहावं लागेल. पावलांविषयी. जपून टाकलेल्या, वस्तीसाठी राखून ठेवलेल्या. तो स्टेजवर वाचेल आणि त्यावर विश्वास ठेवेल.
एक वाक्य झालं आहे. खोटं आहे. चांगलं झालं आहे.
बाहेर चपलांचा आवाज. दारापर्यंत. थांबला.
"झालं का गं, ताई?"