स्तोत्रामधलं बोलणं

माघ वद्य षष्ठी, शनिवार

काय करून बसले मी आज. सोमवारी यांचं वर्षश्राद्ध. यांच्याच आवाजातलं स्तोत्र लावावं म्हणून फोनवरचं रेकॉर्डिंग नीट करायला घेतलं. अ‍ॅप कसं वापरायचं ते सईने मुंबईहून फोनवर शिकवलेलं. आवाजाची निळी रेघ दिसते, तिला उंचवटे. दोन बोटांनी ताणली की मोठी होते, कात्रीवर बोट ठेवलं की तुकडा जातो.

मध्येच एक मोठा उंचवटा. तो माझा. स्वयंपाकघरातून ओरडले होते, "अहो, पेज निवतेय." आणि हे म्हणता म्हणता थांबून, "आलो गं." पाठ चालू असताना बोलू नये, हा नेम यांचाच. गुरुजींसमोर तसं कसं लावायचं? कापलं. जुन्याच्या जागी हे ठेवू का, असं अ‍ॅपने विचारलं. एकाच गोष्टीच्या दोन कशाला, उगाच फोन भरतो. हो केलं.

मग ऐकलं, आणि लक्षात आलं. माझ्याशी बोललेले यांचे तेवढेच शब्द होते फोनमध्ये.

सईला विचारलं, "तो उंचवटा तेवढा परत येईल ना गं?"

"आई, जुनं ठेवायचं होतंस." 

वर्षभर रोज सकाळी लावत होते. देवासाठी लावते असंच वाटायचं. खरंच देवासाठी होतं का?

आता पाठ कुठेही अडत नाही. पुन्हा लावला. त्या जागेशी आल्यावर मी हळूच हाक मारून पाहिली. हे पुढचा श्लोक म्हणत राहिले.