दगड घासू नये, रणटिटवी अजून पाण्यात आहे

प्रति,
मेहेरबान डेप्युटी कमिशनर साहेब बहादूर,
जिल्हा बुलढाणा, मुक्काम बुलढाणा.

अर्जदार : अन्नपूर्णाबाई, कै. हिंमतराव देशमुख यांची पत्नी, राहणार मौजे सावळखेड, तालुका मेहकर.

विषय : चौकीत जप्त असलेला छापखान्याचा दगड न घासता, न पुसता, आहे तसा परत मिळण्याबाबत.

संदर्भ : आमच्या गावच्या चौकीचा जप्तीचा पंचनामा, मिती माघ वद्य एकादशी.

महोदय,

१. अर्जदार घरची शेती पाहते आणि जिवात जीव असेतो गावातले कीर्तन चुकवीत नाही. माझी भाची विमल माझ्याजवळ राहते. तिची जिवाची सोबतीण जहांआरा ही छापखानेवाले रहेमतुल्लाभाई यांची मुलगी. रहेमतुल्लाभाई सपाट दगडावर शाईने काढून, त्यावरून लग्नपत्रिका छापतात. लग्नसराई नसते तेव्हा रिकाम्या दगडावर या दोघींनी चित्रांची एक चोपडी चालवली आहे. लिहिते विमल, चित्रे जहांआराची, नाव 'रणटिटवी'. नवा भाग निघाला की मी तो आधी देवापुढे ठेवते, मग बाजारात जाऊ देते.

२. साहेबांच्या वाचनात ती आली नसेल म्हणून गोष्ट थोडक्यात सांगते. रणटिटवी ही दिवसा कापसाच्या जिनात सरकी निवडणारी साधी बाई. अंधार पडला की काळे घोंगडे पांघरून, तोंडाला फडके बांधून ती घरांच्या धाब्याधाब्यांवरून पळते, आणि टिटवीसारखी ओरडली की भुतेसुद्धा वाट सोडतात. तिचा वैरी सावलीचोर. टोपी डोळ्यांवर ओढून, विडी फुंकीत, कंदिलाच्या खांबाखाली उभा राहतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याची सावली कापून नेतो. कापसाच्या गाठीत दाबून तो त्या सावल्या लोणारच्या खाऱ्या तळ्यात बुडवतो. तंबूच्या सिनेमात गाणारी कोकिळा, तिची सावली त्याने अशीच नेली. सावली गेलेले माणूस हळूहळू विरते. कोकिळेच्या तर तळहातातून पलीकडचा दिवा दिसू लागला. रणटिटवीचा तिच्यावर जीव आहे. मैत्रिणीवर असतो तसा नव्हे, जन्माच्या जोडीदारावर असतो तसा. चोपडीत हे स्पष्ट आहे, मीही झाकून ठेवीत नाही. म्हणून रणटिटवीने तळ्यात उडी घेतली. छापलेला भाग येथे संपतो.

३. शेवटचे पान दगडावर काढून झाले होते, छापणे तेवढे उरले होते. तितक्यात आमचे पाटील भगवानराव यांनी तक्रार दिली. हरकती दोन : सावलीचोराच्या मिशा हुबेहूब पाटलांच्या आहेत, आणि शेवटच्या पानावर दोघी बाया हातात हात घालून उभ्या असून नवरदेव कोठेच नाही. जमादार कडूबा येऊन दगड घेऊन गेले. माणूस वाईट नाही. जाताना म्हणाले, "बाई, एखांदा नवरदेव टाका न त्याच्यात. फौजदार दाखवा. पाह्यजे तं मी बसतो समोर, साफा बांधून." जहांआरा म्हणाली, "जमादारसाहेब, तुमाले पोहता येते का? रणटिटवी तं तळ्याच्या बुडाशी हाय." पोहता येत नसल्याने बोलणे तेथेच थांबले. मात्र नवरदेव न घातल्यास दगड वाळूने घासून कोरा करण्याचा हुकूम साहेबांकडून मागवला आहे, असे कळते. या चित्राची दुसरी प्रत जगात नाही. दगड घासला की दोघी गेल्या.

४. आता यातून जे संकट उभे राहिले ते ऐकावे. त्याच संध्याकाळी मारुतीच्या पारावर उत्तमबुवांचे कीर्तन होते. पूर्वरंगी नामाचे निरूपण फार गोड झाले. उत्तररंगाला बुवांनी, माझ्याच आग्रहावरून, रणटिटवीचे आख्यान लावले. तळ्यातल्या उडीपर्यंत आले आणि बुवांनी हात पुढे केला, "पुढचं पान आणा." पान तर चौकीत. बुवा म्हणाले, "मंग ते पाण्यातच राहीन. मनानं जोडून सांगाची माह्या गुरूची आज्ञा नाही."

५. आमच्या गावची रीत अशी की आख्यानाला वीणा गळ्यात घेतली की आरती होईस्तोवर ती भुईला टेकवायची नाही. आरती आख्यान संपल्यावर, आणि आख्यान तर पाण्यात. म्हणून एकादशीपासून वीणा उभी आहे. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. माळी झाले, सुतार झाले, शाळेचे मास्तर झाले. कडूबा जमादारही पट्टा-बिल्ल्यासह पाळी देऊन गेले, आणि वीणा काढून देताना हळूच मला विचारते झाले, "बाई, खरं सांगा, बुडण्यातून वाचते का रणटिटवी?" मी म्हटले, तुमच्याच कोठडीत आहे, बघून घ्या. तर म्हणाले, चित्र उलटे काढलेले असते, मला उलगडत नाही.

६. दगडाविषयी एक बारीक गोष्ट. चित्र काढल्यावर त्याला गोंद फासावा लागतो. तोवर तेलकट बोट जरी टेकले तरी त्याचा ठसा छापल्यावर उमटतो. जप्ती गोंदाच्या आधी झाली. चौकीत टेबल नसल्याने जमादारांनी त्या दगडावर जेवणाची थाळी ठेवली, आणि थाळीच्या बुडाला ठेच्याचे तेल. आम्ही तिघी डबा देण्याच्या निमित्ताने पाहून आलो. चित्रातल्या दोघींच्या डोक्यांवर बरोबर मधोमध तेलाचे गोल वर्तुळ उमटले आहे. मला वाटले पोरगी रडणार. जहांआरा खिडकीशी उभी राहून हसायला लागली. म्हणाली, "मावशी, पुनवेचा चांद माह्याच्यानं काही जमत नव्हता. जमादारानं काढून देल्ला!" विमल तिच्या खांद्यावर डोके ठेवून हसत होती.

७. पाटलांनी तक्रारीत लिहिले आहे की चित्रातल्या दोघी म्हणजे ह्याच दोघी. ते खरे आहे. जहांआराने समोर दिसले ते काढले. साहेब, मला पोरबाळ नाही. या दोघी ओसरीवर बसून एकीने सांगायचे आणि दुसरीने काढायचे, त्या हसण्याने माझे घर भरलेले असते. जन्मभर कीर्तनात ऐकत आले की प्रेम दिसले की देव उंबरा ओलांडून आत येतो. आधी वरपक्ष कोणता, असे त्याने विचारल्याचे मला आजवर कोणत्याही बुवांनी सांगितलेले नाही. शेवटच्या पानात कोकिळेची सावली सापडते. पण खाऱ्या पाण्याने ती इतकी आखडलेली असते की एकटीला पुरत नाही. तेव्हा रणटिटवी आपली सावली तिच्या सावलीला शिवून टाकते, आणि दोघी एकाच सावलीने घरी येतात. यात नवरदेव उभा करायचा तर त्याची सावली कोठे शिवावी?

८. आज सकाळचा प्रकार नोंदीस असावा. पाटलांच्या घरच्या बाया पारावरून हलत नाहीत, चूल थंड. त्यांना न्यायला पाटील स्वतः आले. वीणा घेतलेल्या सुताराला बैल सुटल्याची हाक आली. त्याने जो समोर होता त्याच्या गळ्यात वीणा घातली. समोर पाटील होते. आता ती खाली ठेवता येत नाही आणि पुढे घ्यायला कोणीही तयार नाही. पाटील मला म्हणाले, "काकू, माही हरकत हाय ते हायच. पण आधी तिले पाण्याबाहेर काढा वं. मले का जलमभर उभं ठेवता?"

तरी विनंती की, दगड घासण्याचा हुकूम देऊ नये. नवरदेवाची अट काढून टाकावी. आणि जमादारांचा चंद्र कोणी पुसू नये, तो चित्रातच राहणार आहे. मिशा जहांआरा पुढच्या खेपेला कमी करील. पान छापून आले की त्याच संध्याकाळी आरती. साहेबांनी यावे, बुक्का लावून घ्यावा.

पांडुरंग साहेबांना उदंड आयुष्य देवो, ही पारावर बसून मागणारी,

अन्नपूर्णाबाई हिंमतराव देशमुख
सही दस्तुरखुद्द

मौजे सावळखेड, मिती फाल्गुन शुद्ध पंचमी, शके १८६१.

सोबत :
१. 'रणटिटवी'चे छापलेले भाग, साहेबांस व बाईसाहेबांस वाचण्याकरिता.
२. जमादार कडूबा यांचा जबाब, की थाळी त्यांचीच.
३. तक्रारदार पाटील भगवानराव यांची दगड परत देण्यास संमती. तोंडी आहे, वीणा धरलेली असल्याने सहीला हात मोकळा नाही.