जाहीरपत्रातला शेवटचा रकाना

लिमा, ४ ऑगस्ट २०१६

चि. इसिद्रो यास,
अनेक आशीर्वाद.

फोन केला असता तर आवाज ऐकूनच तू ठेवला असतास, म्हणून पत्र. चिंबोतेच्या बसच्या पार्सलात टाकते आहे. आईच्याच घरी राहतोस असं धरून चालले आहे.

काम आहे. दोन देशांचे व्यापारी भांडले की कोर्टात न जाता पंच नेमतात. तो लवाद कसा चालतो आणि पंच कसा असावा, हे मी सव्वीस वर्षं विद्यापीठात शिकवते आहे. मला मात्र आजवर कोणी पंच नेमलं नाही. माझे विद्यार्थी त्या खुर्चीत बसतात आणि मी वर्गात खडू झिजवते. पाद्र्यानं संसाराचे धडे द्यावेत तशातली गत. पुढच्या वर्षी निवृत्ती. आणि आता, पार थकल्यावर, पहिली नेमणूक आली आहे. भांडण तुमच्याकडचंच. सान तादेओ कारखान्यानं पाठवलेली मासळीची भुकटी जहाजातच तापून जळली, असं डेन्मार्कच्या खरेदीदाराचं म्हणणं आहे.

नेमणूक पक्की होण्याआधी जाहीरपत्र भरावं लागतं. कोणत्याही पक्षाशी नातं, ओळख, येणंजाणं असेल ते सगळं लिहायचं. तू अजून सान तादेओच्या बॉयलरवर आहेस का, एवढंच कळव.

'लोभ असावा' लिहायला हात धजत नाही. तब्येतीला जप.

नेलिदा

चिंबोते, ९ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मी फाडीन म्हणून गुदेलियानं ते दोन दिवस फ्रिजवर लपवून ठेवलं होतं. बायको इतकी वर्षं उगाच नाही ओळखत मला. फाडलं नाही.

हो, बॉयलरवरच आहे. गुडघे गेले, अंगाचा मासळीचा वास काही गेला नाही. सध्या मासेमारी बंद, म्हणून बॉयलर थंड आणि मी घरी.

जगाच्या भांडणांचे निवाडे शिकवतेस, आणि आपल्या घरचं एक भांडण अकरा वर्षं तारखेवर पडलं आहे. आई गेली तेव्हा तू परक्यांची पोरं घेऊन व्हिएन्नाला वादस्पर्धेत होतीस. पेटीला चौथा खांदा शेजाऱ्यानं दिला. दफनानंतर तीन दिवसांनी तू उगवलीस आणि दारातच मी बोलायचं ते बोललो. ते मागे घेत नाही.

एक विचारायचं मात्र राहूनच गेलं होतं. ती पोरं जिंकली तरी का?

तुझ्या कागदावर 'भाऊ नाही' असं लिहून टाक. मीही कारखान्यात सांगतो, लिमात आमचं कोणी नाही. गुदेलिया म्हणते, पत्राचा शेवट तरी बरा करा. स्वेटर घालत जा, तिकडं धुकं फार.

इसिद्रो

लिमा, १३ ऑगस्ट

चि. इसिद्रो,
अ. आ.

हरली. दुसऱ्याच दिवशी.

तुझा निरोप मला सकाळी मिळाला होता आणि विमान दुपारी होतं. पोरांना काही न सांगता मी स्पर्धेच्या खोलीत मागच्या बाकावर बसून राहिले. विमान मिळालं नाही असं मी तुला दारात सांगितलं, ते खोटं. तुम्ही दोन दिवस थांबला होतात, निघाले असते तर पोचले असते. पण त्या खोलीबाहेर पाऊल टाकलं की आई खरंच गेली असं होणार होतं. आत बसेपर्यंत ती होती. मला लाज वाटते.

आमचे विभागप्रमुख म्हणाले, वेडेपणा करू नका, अकरा वर्षं भावाशी संबंध नाही एवढंच लिहा, ते खरंच आहे. खरं होतं, चार तारखेपर्यंत. मी सगळं लिहून दिलं: सख्खा भाऊ, सान तादेओचा कामगार, या महिन्यात हे धरून तीन पत्रं. दहा दिवसांत कळेल. मला ती खुर्ची हवी आहे, इसिद्रो. एकदा तरी बसायचं आहे.

नेलिदा

चिंबोते, १८ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

वाचलं आणि अंगणात जाऊन बसलो. विमानाचं खोटं मला तेव्हाच कळलं होतं. लहानपणीही थाप मारताना तू कानाची पाळी ओढायचीस, दारात तेच करत होतीस. माझा खरा राग त्याचा.

आता ऐक. मी नोकरी सोडतो. दोन वर्षांनी सोडायचीच आहे. राजीनामा लिहून ठेवला आहे, महिनाअखेर देतो. मग तुझ्या कागदात अडचण उरणार नाही. गुदेलिया आधी मला गाढव म्हणाली, मग तिनंच पेन आणून दिलं. सोबत सुकी मासळी पाठवली आहे. आई करायची तशी आधी भिजत घाल.

एक कळत नाही. तू वकिलांची मास्तरीण. मला पत्रच न लिहिता 'संबंध नाही' म्हणाली असतीस तर निभावलं असतं. हे तुला ठाऊक नव्हतं?

इसिद्रो

लिमा, २२ ऑगस्ट

चि. इसिद्रो,
अ. आ.

राजीनामा फाडून टाक, खुर्ची गेली. माझ्याच एका विद्यार्थिनीला मिळाली, व्हिएन्नात हरलेल्यांपैकीच. म्हणजे शेवटी पोरं जिंकली म्हणायची. मासळी भिजत घातली आहे. दोन दिवस नुसती झोपून होते, आता बरी आहे. शुक्रवारच्या बसनं येते. आईकडे आधी जाऊ, मग घरी.

ठाऊक होतं. पण खात्री करून घेतल्याशिवाय 'नाही' लिहू नये, हेच तर मी शिकवते. आणि खरं सांगू, मला निमित्त हवं होतं.

तुझी नोकरी आड आली नाही. बॉयलरवरचा माणूस म्हणून दोन्ही पक्षांनी सोडून दिलं. पत्रांवरही हरकत घेतली नाही. आड आला तो शेवटचा रकाना. ज्याच्या बाबतीत तुम्हाला निष्पक्ष राहता येणार नाही असं कोणी आहे का, असं तिथं विचारतात. सगळे तिथं डोळे मिटून 'नाही' लिहितात. मीही लिहायला घेतलं, आणि बघते तर हात कानाच्या पाळीला; ती खोड मलाही ठाऊक आहे. मग 'आहे' लिहिलं, आणि पुढं तुझं नाव.

लोभ असू दे, एवढं आता लिहिते.

तुझी ताई